आडनावाला ओ

यात पदरचं काही नाही. या वयात खोटं बोलून मला काय मिळणार?

थंडीतली दुपार होती. गावाबाहेरची जुनी दफनभूमी.

मी अनाथाश्रमात वाढले. तिथे सोडताना कुणीतरी माझं फक्त आडनाव सांगितलं होतं. लग्न झालं नाही. लॉन्ड्रीत इस्त्री करण्यात आयुष्य गेलं. म्हातारपणी अक्षरं शिकले ती एवढ्यासाठीच... माझ्या आडनावाचं कुणी सापडतंय का, ते स्वतः शोधायचं होतं. सापडलं, तर मेल्यावर त्यांच्या शेजारी जागा. नाहीतर बेवारशांच्या खड्ड्यात.

दफनभूमीच्या कार्यालयात कारकुनाने जुन्या नोंदी चाळल्या.

"आडनाव आहे, मावशी. पुढचं वाळवीने खाल्लंय. मागच्या भिंतीकडे बघा. पण शेजारची जागा हवी, तर घरातल्या कुणीतरी ओळख द्यायला हवी."

"घरातलं कुणी असतं, तर इथे कशाला आले असते?"

त्याने नोंदवही मिटली.

मला मनातल्या मनात वाचता येत नाही. बोट ठेवून, मोठ्याने वाचावं लागतं. एकेक दगड वाचत निघाले.

कबर खोदणारा लांबून हसला. "हजेरी घेताय का, मावशी? कुणी हजर म्हणालं तर पळू नका."

"माझे गुडघे बघ. पळतेय कुठली."

भिंतीपाशी पोचले. मागे त्याच्या फावड्याचा आवाज येत होता...

मग तो थांबला.

चिमण्याही गप्प झाल्या.

समोरचा दगड शेवाळलेला. नाव झिजून गेलेलं. त्याखाली आडनाव... माझं.

मी ते वाचलं.

मागून कुणीतरी ओ दिली.

हळूच. हाक मारल्यावर आतल्या खोलीतून देतात ना, तशी.

वळून पाहिलं... कुणी नव्हतं. फावडं मातीत रोवलेलं. खोदणारा जेवायला गेला असावा. गवताचं पातंही हलत नव्हतं.

पुन्हा वाचायचा धीर झाला नाही. घरी आले.

चार-आठ दिवसांनी मन घट्ट करून कार्यालयात गेले. म्हटलं, हातापाया पडून बघू.

कारकून म्हणाला, "तुमचं काम झालं की. घरचं कुणी नाही म्हणत होतात, आणि ती आली होती."

"कोण?"

"तरुण पोरगी. तुमची नात असेल असं वाटलं. तुमच्या पाठीवरच्या डागाची खूणसुद्धा सांगितली तिने."

तो डाग मी स्वतः कधी पाहिलेला नाही. आश्रमातल्या बाई अंघोळ घालताना म्हणायच्या, म्हणून माहीत.

"जागा मात्र रुंद आखून घेतली," तो म्हणाला. "मी म्हटलं, एका माणसाला एवढी कशाला? तर म्हणाली, तिला कधी कुशीत घेऊन झोपलेच नाही. मला काही कळलं नाही, मावशी. तुम्हाला कळतंय?"

मी मान हलवली. हो की नाही, माझं मलाच ठाऊक नाही.

जन्मभर एकटी झोपले. आता रात्री आपोआप भिंतीकडे सरकते... शेजारी जागा सोडून.

भीती वाटते. आणि सकाळी ती जागा गार लागली, की रडू येतं.