मांगूरमानवाच्या आत

अड्याळच्या मंगल कार्यालयात दुपारी बारा वाजता सिनेमा सुरू झाला, तेव्हा दोनशे खुर्च्यांवर मिळून अकरा माणसं होती. त्यातली दोन तर लग्नाची तारीख धरायला आली होती आणि पंखा दिसला म्हणून बसली होती.

शहापूरच्या रितानं मधली खुर्ची धरली आणि वही उघडली. धानाचे व्यापारी घनश्यामभाऊ यांची ही लेक मोबाईलवर सिनेमांचं परीक्षण सांगायची. आपल्याच बोलीत, काही हातचं न राखता. चार-साडेचार हजार लोक तिला ऐकायचे, आणि त्यातले निम्मे भांडायलाच यायचे. आजचा सिनेमा होता ‘मांगूरमानव’. मांगूर म्हणजे मिशावाला मासा. हा अर्धा मासा, अर्धा माणूस तळ्यातून निघून गावावर चाल करून येतो. पवनी तालुक्यातच काढलेला. रिताला तर ही मेजवानीच वाटली होती.

“इथं कोनी बसलं आहे का जी?”

एवढ्या रिकाम्या खुर्च्या सोडून हा इथंच कशाला... तिनं मान वर केली. सावळा, उंच, खांद्यानं भरलेला, हातात फुटाण्यांची पुडी. डोळे मात्र इतके शांत, की ‘हो, बसलं आहे’ हे तिच्या ओठांपर्यंत आलेलं उत्तर तिथूनच परत फिरलं.

“नाही. बसा.”

पाच मिनिटं ती वहीत लिहीत राहिली. मग राक्षस पडद्यावर आला आणि तिला राहवेना.

“अगं बाई, मिशा पाहा त्याच्या! सायकलच्या ब्रेकची तार आहे ती.”

“फटफटीची,” शेजारचा हळूच म्हणाला. “सायकलची आखूड पडते.”

“आणि पाठीवर चेन! मासोळीले कोणी चेन लावते का?”

“काढाघालाले लागते ना जी.”

तेवढ्यात नायिका किंचाळत पळाली. दहा पावलं पळाली, मागं वळून पाहिलं आणि चक्क थांबली. कारण राक्षस अजून पाण्यातून एक पायच बाहेर काढत होता. रिता हसून हसून वाकली, ओढणीनं डोळे पुसू लागली. “थांबली पाहा त्याच्यासाठी! हा राक्षस आहे का भिजलेली गादी?”

“गादीच होय,” तो फुटाणे पुढं करत म्हणाला. “दोन गाद्यांचा फोम. पानी पेलं का चाळीस किलो भरते. तुमी चालून दाखवा बरं.”

रिताचा हात पुडीवरच थांबला. “तुम्हाले इतकं कसं माहीत?”

“मीच होतो ना आत.”

तिचे कान तापले. तिनं पडद्याकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं, मग फरशीकडं. “मग... आधी काहून नाही सांगितलं?”

“तुमी हासून राहिल्या होत्या,” तो म्हणाला. “चांगलं वाटत होतं.”

तिनं पुडीतले दोन फुटाणे उचलले आणि पडद्यावर पहाट झाली. तळ्यावर धुकं. पाण्यावर फक्त राक्षसाचं डोकं. कुठूनसा एक बगळा आला आणि त्या डोक्यावर बसला. राक्षस हलला नाही. नुसते डोळे वर गेले, सावकाश... वर्षानुवर्षं ज्याच्या दारी कुणी आलं नाही, त्याच्याकडं पाहुणा यावा तसे. रिता लिहायचं विसरली.

“हे कसं केलं तुम्ही?”

“कागदावर नव्हतं ते. बगळा आपल्या मनानं आला. भूपेंद्रभाऊ, आमचे डायरेक्टर, म्हने हालू नको. मी कायले हालतो? मासोळ्या धरनारा मानूस मी. दिवसभर तळ्यातच राहतो.”

सिनेमा संपल्यावर तो दारापर्यंत आला. नाव धनराज. “व्हिडिओत खरं तेच बोला जी,” म्हणाला. “कच्चं असंल ते कच्चं म्हना.” काही विचारायचं पडलं तर, म्हणून तिनं त्याचा नंबर घेतला. विचारायचं काहीच नव्हतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्या आठवड्यात रितानं व्हिडिओ टाकला. मिशा, चेन, गादी, नायिकेची किंचाळी तोंड मिटल्यावरही चालू राहते, भरपावसाच्या प्रसंगात मागं कडक ऊन... एकही चूक तिनं सोडली नाही. आणि मग म्हणाली, “पण बाप्पाहो, एवढ्या फोमच्या आत एक माणूस आहे. त्याले तोंड नाही, संवाद नाही. नुसते दोन डोळे. त्या दोन डोळ्यांसाठी मी हा सिनेमा पुन्हा पाहीन.”

साठ हजार लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. भूपेंद्रभाऊंनी आधी फोन करून तिला झापलं आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन करून सांगितलं, “मॅडम, सिहोऱ्याचा शो फुल्ल!”

धनराजचा मात्र काही पत्ता नाही. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. ‘पाहिलं का?’ एवढंच तिनं लिहून पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. व्हिडिओखाली पोरांनी ‘भिजली गादी’ म्हणून त्याची टर उडवलेली तिनं वाचली आणि तिचाच शब्द तिला टोचू लागला. नवव्या दिवशी ती भूपेंद्रभाऊंकडून पत्ता घेऊन, घरी मैत्रिणीचं नाव सांगून निघाली आणि स्कुटी थेट त्याच्या गावच्या तळ्यावर नेली.

डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. पाण्यात पाच-सहा बाया शिंगाडे तोडत होत्या. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, शिंगाड्यांचं टोपलं घेऊन एक बाई बसली होती, ती धनराजची आई, शकुनबाई.

“मासोळी नाही उरली,” तिनं आधीच सांगून टाकलं.

“मी मासोळीले नाही आली. धनराज...”

शकुनबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “तूच का व ते चेनवाली? तुह्यापायी सारं गाव त्याले मांगूर म्हनते.” रिताची मान खाली गेली. “अन् तो खुश होते,” शकुनबाई करवादली. “तेच मले समजत नाही!”

धनराज छातीभर पाण्यात होता. रिता दिसली तसा तो हनुवटीपर्यंत खाली गेला.

“रागावले का?” तिनं पाळीवरून विचारलं.

“नाही जी.”

“मग फोन काहून नाही केला?”

“कराले घेतो... अन् व्हिडिओच लावतो. बावीस डाव पाहिलो.”

“बावीस?”

“शेवटी तुमी डोळ्याचं बोलता ना... तिथंच माही गाडी अडते. मंग काय बोलू, सुचतच नाही.”

“आता मी समोर आहे. आता बोला.”

तो नाकापर्यंत खाली गेला आणि काहीतरी पुटपुटला. पाण्यावर बुडबुडे आले. शिंगाडे तोडणाऱ्या बायांमधली रुखमिणीकाकू वेलींमधून ओरडली, “तोंड पान्याच्या वर काढ रे पोट्ट्या! इकडं काहीच ऐकू नाही आलं!”

धनराज उभा राहिला. अंगावरून पाणी निथळतंय, कान लाल. आणि साऱ्या तळ्याला ऐकू जाईल असा ओरडला, “मले तुमी आवडता!”

सगळ्या बायांच्या माना पाळीकडं वळल्या.  रिता उतारावरून खाली आली, एक चप्पल चिखलात रुतली, ती तिथंच सोडून घोटाभर गार पाण्यात उभी राहिली.

“मलेही,” ती म्हणाली.

“जोरानं!” रुखमिणीकाकू.

“मलेही!”

तळ्यात हशा उसळला. शकुनबाई मात्र हसली नाही. ती उठली, टोपलं उचलून खाली आली, रिताच्या ओढणीचे पदर तिच्याच हातात दिले आणि वरून ओंजळी-ओंजळीनं शिंगाडे घातले. “नीट धर,” म्हणाली. “सांडशील.”

घरी बाबांना काय सांगायचं, मासेमाराचं घर म्हटल्यावर ते किती दिवस अबोला धरतील, हे सगळं शहापूरच्या वाटेवर ठरवायचं होतं. आत्ता तिचे दोन्ही हात गुंतले होते. ओले शिंगाडे पोटाशी गार लागत होते, आणि धनराज पाणी कापत तिच्याकडं येत होता.