भात्यातला कोरडा तोडा

घोणसगडावर तांबडे फुटत होते, पायथ्याशी शत्रूच्या राहुट्यांतून धूर निघत होता, आणि वेढ्याच्या त्या त्रेसष्टाव्या दिवशी किल्लेदार रवळोजीरावांची लाडकी घोडी शेवंती दुसऱ्या दरवाजापाशी धुळीत पडली होती. तोफेच्या गोळ्याने ढासळलेला चिरा तिच्या पुढच्या दोन्ही पायांवर कोसळला होता. भर पुरातून धन्याला पैलतीरी नेणारी ती घोडी! आता तिची सुटका करणे एवढेच हाती उरले होते.

रवळोजीरावांनी गडावरचे दोन नेमबाज बोलावले. म्हातारा तिरंदाज सिदोजी पायगुडे आणि बंदूकवाला निंबाजी लोहकरे.

"तिला यातना नकोत. कमान की बंदूक, तुम्हीच सांगा," किल्लेदार म्हणाले.

"कमान, सरकार," सिदोजी घाईने म्हणाला. "बाणाला आवाज नाही. पागेतली जनावरं बुजणार नाहीत."

"सिदोजीबाबांचा नेम चुकायचा नाही," निंबाजी अदबीने म्हणाला. "पण बाण काळजात बसला तरी जीव जाईतो तडफड आहेच. बंदूक कपाळाला लावली, तर तिला कळायच्या आत सुटका होईल."

"मग बंदूकच."

झाले! सिदोजीच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षे सदरेवर पहिला विडा त्याचा होता. गेल्या दसऱ्यापासून तो या पोराला मिळू लागला होता, आणि तेव्हापासून म्हाताऱ्याला अन्न गोड लागत नव्हते. निंबाजी खरे बोलला हे त्याला पक्के ठाऊक होते, म्हणून तर तो अधिकच जळला.

घोणसगडाची एक रीत होती. बंदूकवाल्याने किल्लेदारापुढे मुजऱ्याला वाकण्याआधी तोडा, म्हणजे बंदुकीला बत्ती देणारा सुताचा दोर, बाजूला काढून ठेवायचा. निंबाजीने तोडा ओट्यावर ठेवला आणि पुढे जाऊन हुकमाचा मुजरा केला. तेवढ्यात सिदोजीने तटाकडेला पडलेला, दवाने चिंब झालेला जुना तोडा तिथे सरकवला आणि कोरडा आपल्या भात्यात कोंबला. सगळ्यांचे डोळे घोडीवर होते, कुणी पाहिले नाही.

निंबाजीने तोड्याला निखारा लावला. तोडा चुरचुरला आणि विझला. पुन्हा फुंकला, पुन्हा विझला. शेवंती मान आपटत होती.

"अरे, काय लावलंय हे!" किल्लेदार कडाडले. "दारूखाना वर, बालेकिल्ल्यात. दुसरा तोडा येईस्तोवर ती अशीच तळमळणार? सिदोजी, उचल कमान!"

हेच तर हवे होते! सिदोजी पुढे झाला. निंबाजीचे उतरलेले तोंड पाहून त्याला बरे वाटले, अगदी मनापासून बरे वाटले. त्याने बाण जोडला, दोरी कानापर्यंत ओढली. शेवंतीने त्याच्याकडे पाहिले आणि ओळखीचे फुरफुरली, कारण रोज सकाळी तो तिला मूठभर हरभरे चारीत असे. बाण लागलेले घोडे त्याने रणात पाहिले होते, ते किती वेळ पाय झाडतात तेही पाहिले होते.

त्याने कमान खाली टाकली. भात्यात हात घालून कोरडा तोडा काढला आणि सर्वांदेखत निंबाजीपुढे धरला.

"घे. मीच बदलला. हेव्यापायी. आधी तिला सोडव, मग माझं काय ते बघा."

एकच बार झाला. शेवंती निपचित पडली.

वेढ्यात तोडा लपवणाऱ्याला कडेलोट, हा गडाचा कायदा होता. सिदोजी स्वतःच कड्याकडे चालू लागला.

"सरकार," निंबाजी आडवा आला, "बाबांनी सांगितलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं. माझी अर्जी आहे. यापुढे माझा तोडा त्यांच्याच भात्यात राहू द्या."

किल्लेदारांनी हात वर करून सिदोजीला थांबवले. "सिदोजी, तोडा एकदा जरी ओला निघाला, तर कडा कुठं जात नाही," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी धुक्यात शत्रूने शिड्या लावल्या. तटावरचे सगळे तोडे सादळले होते. सिदोजीच्या भात्यातला एकच पेटला, त्यावरून बाकीचे वाळवून शिलगावले, बंदुकांच्या माऱ्याने शिड्या कोसळल्या, आणि दुपारपर्यंत वेढा उठला.

सदरेवर पहिला विडा निंबाजीलाच मिळाला. सिदोजीच्या पोटात पुन्हा दुखले, चांगलेच दुखले. मग त्याने भात्यात हात घालून तोडा चाचपला. कोरडा होता.