एडीमावशीचा बर्टी

तो घसरला, आणि थेट बर्फानं भरलेल्या माशांच्या पेटीत जाऊन बसला. अगदी माझ्या चहाच्या खिडकीसमोर!

मी हसले. हसायला नको होतं... पण तो उंची कोट, गळ्यात रेशमी रुमाल, आणि मांडीवर अख्खा कॉड मासा! रिमझिम लागली की ग्रिम्झबी बंदराच्या धक्क्यावर आम्हीसुद्धा जपून चालतो. हा तर लंडनचा नट. क्रिस्पिन हॅलार्ड. रंगभूमीवर गाजलेला, चार सिनेमांत चमकलेला, आणि आता पहिल्यांदाच दिग्दर्शक म्हणून आमच्या गावात उतरलेला.

पण पडता पडता त्याच्या तोंडून एक शिवी गेली. ती लंडनची नव्हती. ती आमचीच होती – जाळी विणणाऱ्या बायकांच्या गल्लीतली.

माझं हसू थांबलं.

"ही कुठं शिकलात हो?"

"काय?" क्षणात आवाज गुळगुळीत, राजवाड्यात वाढल्यासारखा. "मी काही बोललो का?"

"बोललात ना. माझे वडील बोटावर दोर आपटला की नेमकं हेच म्हणायचे."

तो उठला, कोट झटकला आणि माझ्याकडे पाहिलं. करडे डोळे... आणि त्यांत चक्क भीती.

"एक चहा द्याल? साखर जास्त. आणि... गप्प बसायचं काय घ्याल?"

"बघू," मी म्हटलं. "अजून ठरवलं नाही."

दुसऱ्याच दिवशी निरोप आला. सिनेमातल्या नटांना आमच्याकडची बोली शिकवायला कुणीतरी हवं होतं, आणि दिग्दर्शकानं माझं नाव सांगितलं होतं – हेस्टर ब्लेंकिन, चहावाली! मग रोज दुपारी चर्चच्या सभागृहात शिकवणी सुरू झाली. बाकीचे गेले की शेवटी तो एकटा. खलाशाचं मुख्य काम तोच करत होता.

"तुम्हाला काय शिकवायचं? तुम्हाला तर येतंच."

"विसरलोय," तो म्हणाला. "अकरा वर्षं जिभेवरून घासून काढतोय."

हळूहळू सगळं कळलं. खरं नाव बर्टी. आईवडील लहानपणीच गेले. जाळी विणणाऱ्या एडीमावशीनं वाढवलं. सतराव्या वर्षी लंडनला गेला, तेव्हा नाट्यशाळेत तोंड उघडलं की पोरं हसायची. मग एका मेजवानीत निर्माते सर डेन्झिल भेटले, आणि हा बोलून गेला – माझे वडील लष्करात अधिकारी होते, युद्धात गेले. सर डेन्झिलचा मुलगा युद्धातच गेलेला. त्यांनी याला घरी नेलं, कामं दिली, ओळखी करून दिल्या, हा सिनेमाही दिला. ती थाप पेपरांत छापून आली.

"आता ती मागं कशी घेऊ, हेस्टर?"

"आणि एडीमावशी? तीन आठवडे झाले तुला येऊन. दोन गल्ल्यांवर राहते ती."

"जाईन... चित्रीकरण संपलं की नक्की."

मी चिडायला हवं होतं. पण तो मुद्दाम एखादा शब्द चुकवायचा, मी दुरुस्त केला की माझ्या ओठांकडे बघत म्हणायचा, "पुन्हा म्हण ना... नीट ऐकू आलं नाही." आणि मी पुन्हा म्हणायचे. पुन्हा पुन्हा म्हणायचे!

मग तो गुरुवार आला. सर डेन्झिल पत्नीला घेऊन चित्रीकरण बघायला आले होते. धक्क्यावर दिवे, कॅमेरा, निम्मं गाव जमलेलं. आणि गर्दी अडवायला बांधलेले दोर सरळ ओलांडून एडीमावशी आली. डोक्याला रुमाल, हातात फडक्यात गुंडाळलेला गरम आल्याचा केक.

"बर्टी! अरे बर्टी, किती वाळलास रे!"

सगळं थांबलं. सर डेन्झिलनी विचारलं, "क्रिस्पिन, कोण या?"

त्याचं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. चेहरा पांढराफटक. मला ते बघवेना... आणि मी बोलले. मला कुणी विचारलंही नव्हतं.

"काही नाही, सर. म्हातारी डोक्यानं जरा अधू आहे. दिसेल त्याला बर्टी म्हणते."

हो, मीच बोलले हे. माझ्या वडिलांची बोट परत आली नाही, तेव्हा जी सहा दिवस माझ्या आईशेजारी बसून राहिली, तिच्याबद्दल.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"चुकलंच माझं," ती हळूच म्हणाली. "नजर गेली आता, साहेब."

भाच्याला साहेब म्हणाली ती! आणि केक घेऊन निघून गेली.

संध्याकाळी तो खिडकीशी आला. माझा हात धरला. "हेस्टर, तू मला वाचवलंस..."

तीन आठवडे याच स्पर्शाची वाट पाहिली होती मी. पण अंगावर घाण उडाल्यासारखं वाटलं.

"वाचवलं? शहाण्या बाईला मी चारचौघांत वेडी ठरवलं, आणि तू उभा राहिलास. जा बर्टी. तुझं तोंड बघवत नाही मला. माझं तर त्याहून नाही."

शुक्रवारी मी लांबचा रस्ता धरून कामावर गेले, मावशीची गल्ली टाळून. शनिवारी सकाळी मात्र जाळ्यांच्या माडीचा जिना चढले. वीसेक बायका विणत होत्या. मावशीला बाहेर बोलवायचं ठरवलं होतं. पण खोटं चारचौघांत बोलले होते... मग तिथंच, सगळ्यांसमोर, सांगून टाकलं. कानशिलं पेटली होती. बायकांचे हात थांबले. मावशीचे थांबले नाहीत.

इतक्यात जिना वाजला. बर्टी. बिनकोटाचा, दाढी वाढलेली.

"मावशी, सर डेन्झिलना सगळं सांगून आलोय." बोली आमची, एकही शब्द न चुकता. "ते म्हणाले, अर्धा झालाय म्हणून सिनेमा पुरा कर. पण माझ्या घरी पुन्हा येऊ नकोस. ओरडलेसुद्धा नाहीत गं... मुलाच्या फोटोकडे बघत बसले." त्याचा आवाज फाटला. "तुला घरी न्यायला आलोय म्हणावं, तर घर तुझंच आहे. मला आत घेशील?"

मावशीनं जाळं बाजूला सारलं.

"बसा दोघं. उभ्यानं रडलात की जाळं ओलं होतं."

आम्ही बाकावर बसलो, माना खाली घालून. मध्ये हातभर अंतर.

"हेस्टर," तो पुटपुटला, "मी तुला एक विचारलं तर..."

"आज नको. आज मला हो म्हणायचीसुद्धा लाज वाटतेय."

"मग कधी?"

"उद्या रविवार आहे," मावशी म्हणाली. "जेवायला या दोघं. काय विचारायचं ते माझ्यासमोर विचार. मोठ्यानं."

बायका खुदखुदल्या. तेव्हा कुठं मला मान वर करून तिच्याकडे बघता आलं.