हवेची बाही

दारावर टकटक झाली तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या आणि मांडीवर कुणाच्या तरी दिवाणखान्याचा अर्धा शिवलेला पडदा. ती तशीच उठली. बाहेर एक उंच माणूस उभा होता. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात मांडीपर्यंत येईल असा भलामोठा फुगीर बूट. एकच.

"पायाचं मशीन आणलंय. आजोबा आहेत ना?"

तिनं टाचण्या काढल्या. "आजोबा वरच्या मजल्यावर. आणि दुसरा बूट कुठाय? वाटेत पडला?"

"त्यांचा एकच पाय सुजतो," तो म्हणाला. "दुसरा शहाणा आहे."

ती हसली. तो वळणार, तेवढ्यात त्याची नजर तिच्या डाव्या हातावर गेली आणि तिथंच थांबली. तिनं चटकन शाल पुढे ओढली.

"जरा दाखवता?"

"ओळख ना पाळख, आणि हात मागताय?"

"हात नको," तो गडबडला, "बाही... बाही दाखवा."

त्या हातावर दाबाची घट्ट बाही होती. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा काखेतल्या ग्रंथीही काढाव्या लागल्या, आणि त्यानंतर हातात पाणी साठू लागलं. म्हणून दवाखान्यातून ही बाही मिळाली होती. ती लांब होत होती. शिवणारीच ती, तिनं जास्तीचा भाग आत दुमडला आणि बारीक तुरपाई करून टाकली.

"हे कुणी केलं?"

"मी. टाका दिसतोय का कुठं?"

"टाका सुरेख आहे. हात त्यामुळंच फुगलाय. बाहीनं पाणी वर ढकलायचं, आणि तुम्ही वरच दुहेरी कापड घालून वाट आवळून टाकलीत." त्यानं तुरपाईकडे बोट दाखवलं. "उसवा ते."

"पहिल्याच भेटीत?"

तोंडातून गेलं, आणि तिचीच तिला लाज वाटली. तो कानापर्यंत लाल झाला आणि बूट सावरत जिना चढून गेला. आतून वहिनीचं खिदळणं ऐकू आलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी तिलाही घरी लावायचं मशीन लिहून दिलं. ते घेऊन तोच आला. छोटीशी पेटी, तिला नळ्यांनी जोडलेली जाड बाही, बाहीत हवेचे कप्पे. बटण दाबलं की बोटांकडून एकेक कप्पा फुगत खांद्याकडे जायचा आणि मग फुस्स करून सगळी हवा सुटायची.

"कुणी हात धरावा आणि सोडून द्यावा, तसं वाटतंय," ती म्हणाली.

"थांबा... परत धरेल."

परत धरला. तिनं खिडकीकडे पाहिलं. तो उगाचच नळ्या तपासत बसला.

रोज संध्याकाळी तासभर असं बसायचं. जन्मात कधी रिकामी न बसलेली बाई ती, पहिले काही दिवस नुसती चडफडली. आठवड्यातून एकदा, सकाळी सूज कमी असते तेव्हा, तो माप घ्यायला यायचा. मनगट, कोपर, दंड. टेप गार असायची, म्हणून तो आधी ती मुठीत धरून ऊबदार करायचा. हे तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं ती लोकांच्या खिडक्या मापत आली होती. तिचं माप इतक्या जपून कुणी घेतलं नव्हतं. ठरलेलं लग्न आजारपणात मोडलं, तेव्हापासून तर तो हात ती आरशालाही दाखवत नव्हती.

"शिवताना या हाताला अंगुस्तान घाला," तो बजावायचा. "सुई टोचली तर हात पिकेल."

"आणि तुमच्या बोलण्याचं काय? ते टोचतं त्याचं?"

"त्याला औषध नाही."

तो गेला की वहिनी सुरू व्हायची. "आख्खी गल्ली तुम्हाला ताई म्हणते. हा एवढा येतो-जातो, एकदा तरी ताई म्हणाला?"

"वहिनी, भाजी करपतेय."

"करपू दे की!"

एकदा माप घेता घेता त्यानं सांगितलं, त्याची बायको वारली. बरेच दिवस आजारी होती. "आता घरी गेलं की कुलूप उघडायचं, दिवा लावायचा. कुणी विचारत नाही उशीर का झाला," एवढंच बोलला आणि टेप गुंडाळू लागला.

त्या दिवशी तिला कळलं, आपण आठवडाभर कशाची वाट बघतो ते. आणि पाठोपाठ भीतीही वाटली. एक आजारी बाई ज्यानं पोचवली, तो दुसरीकडे कशाला वळून बघेल?

हात मात्र उतरत होता. एका सकाळी तो खूश होऊन म्हणाला, "छान! आता दर आठवड्याला यायला नको. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बघू. पुढच्या वेळी शेवटचं एकदा ताडून घेतो."

शेवटचं! तो आठवडाभर तिनं मशीन लावलंच नाही. दिवसाची बाहीही कपाटात ठेवली. हात व्हायचा तसा झाला, पुन्हा फुगला.

त्यानं माप घेतलं. पुन्हा घेतलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. "ताप होता? कुठं टोचलंय? लाल झालाय का?" त्यानं मशीन उघडलं, कप्पे तपासले, नळ्या फुंकल्या. मग फोन काढला. "डॉक्टरांशी आत्ताच बोलतो. काहीतरी वाढलं असेल आत, वेळ घालवायला नको..."

घाईत त्याला नंबर सापडेना. ते पाहून तिचं बळ सरलं.

"मशीन चांगलं आहे," ती म्हणाली. "मी लावलं नाही."

"का?"

"तुम्ही यायचे बंद झाला असता... म्हणून."

त्यानं फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "मी हे सगळं एकदा बघितलंय. असा पोरखेळ करायचा नाही." आणि पेटी उचलून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात माप घ्यायला एक बाई आली. हसतमुख, कामाला चोख. "त्यांनीच सांगितलं. तुमचं काम आता माझ्याकडे." ऐकून तिनं मान हलवली, सुजलेला हात पुढे केला. टेप गार लागली. त्या दिवशी तिनं एकही टाका घातला नाही.

संध्याकाळी मशीन सुरू करून ती बसली, तर दारात तो. हातात पेटी नाही, काही नाही.

"काम का सोडलंत माझं?" तिनं विचारलं.

"मशीनवाला म्हणून घरात यायचं आणि मनातलं बोलायचं, हे बरं दिसलं नसतं. आता मी तुमचा मशीनवाला नाही. आता बोलू?"

बाहीतली हवा फुस्स करून सुटली.

"हे दुखणं जन्माचं आहे," ती घाईनं म्हणाली. "बरं होत नाही, नुसतं सांभाळायचं. तुम्हीच सांगितलंय. आणि आतला आजार परत आला तर? पुन्हा तेच करायचंय तुम्हाला?"

"भीती वाटते," तो म्हणाला. "त्या दिवशी तर फार वाटली. पण ते कुलूप उघडताना जी रोज वाटते, तिच्यापेक्षा ही बरी. ही वाटून घ्यायला तुम्ही असाल."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता. वहिनी कान देऊन उभी असणार, हे दोघांनाही कळलं.

डोळे पुसायला उजवा हात तेवढा मोकळा होता. मग त्याच हातानं तिनं बाजूची खुर्ची ओढली आणि तिच्यावरचा पडदा त्याच्याकडे सरकवला.

"बसा. नुसतं बसायचं नाही हं. या पडद्याची टीप वाकडी गेलीय. उसवता येतं?"

"शिकवाल तर येईल."

तो बसला. कात्रीच्या पहिल्याच झटक्यात त्यानं टाक्याबरोबर कापडही कापलं आणि घाबरून तिच्याकडे पाहिलं.

"घ्या! आता गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"सांगा, घरातला माणूस नवा आहे."

ती इतकी हसली की नळ्या हलल्या. "वहिनी," तिनं हाक मारली, "चहा टाका. आज यांना उशीर होणार आहे."