आवाज बंद, डोळे अर्धे

दार उघडलं आणि ती किंचाळली.

ती म्हणजे कोण, तर स्टुडिओची निर्मितीप्रमुख! जिला पाठीमागे सगळे वाघीण म्हणत, जिच्या केबिनबाहेर भलेभले दिग्दर्शक घाम पुसत बसत, ती. छोट्या प्रीव्ह्यू थिएटरमध्ये भर दुपारी ती एकटीच बसली होती. पाय खुर्चीवर घेतलेले, ओढणी अर्ध्या डोळ्यांवर ओढलेली. समोर भुताचा सिनेमा चालू होता, पण त्याचा आवाज तिने पार बंद करून टाकला होता.

दारात एक उंच माणूस उभा होता. त्याच्या हातात कोबीचा गड्डा होता.

"घाबरू नका मॅडम, मी भूत नाही. ह्याच सिनेमाचा साउंडवाला आहे."

"आणि हा... कोबी?"

"ही हाडं," तो शांतपणे म्हणाला. "मोडायला आणलीत."

तिने घाईघाईने पाय खाली घेतले, ओढणी सावरली. पण त्याने पाहायचं ते पाहिलं होतं. मुका पडदाही पाहिला होता.

"तुमचा शेरा मिळाला," तो म्हणाला. "'नुसता रिकामा बोळ दिसतो, काहीच घडत नाही, कापा.' म्हटलं, जाऊन चांगलं भांडावं. पण आता उलगडा झाला. मॅडम, त्या बोळात दिसत काहीच नाही... जे घडतं ते ऐकू येतं."

एवढी वर्षं जपलेलं गुपित, आणि ते एका कोबीवाल्यासमोर उघडं पडावं!

गुपित तसं साधं होतं. लहानपणी थोरल्या भावाने तिला कपाटात कोंडून बाहेरून दार खरवडलं होतं, बस्स. भाऊ विसरून गेला, ही विसरली नाही. पुढे ती स्टुडिओत आली ती गोष्टी वाचून त्यांचा सारांश लिहिणारी पोरगी म्हणून. पण भित्र्या माणसाला काय काय बिघडू शकतं ते आधी दिसतं. सेट कोसळेल, नट रुसेल, पैसे संपतील, सगळं तिला आधीच दिसे आणि ती आधीच तरतूद करून ठेवी. लोक म्हणाले, काय बाईचं डोकं! आणि ती चढत चढत थेट प्रमुखाच्या खुर्चीत जाऊन बसली. भुताचे सिनेमे मात्र तिने सगळे आवाज बंद करूनच पास केले होते.

आता दिवस वाईट आले होते. लागोपाठ सिनेमे पडले होते. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा भुताचा सिनेमा ट्रायल शोमध्ये मला आवडला नाही तर खुर्ची सोडा. आणि मालकांचा जावई त्या खुर्चीचं माप घेऊन तयारच होता.

"कुणाला सांगाल?" तिने विचारलं. आवाज नको तितका बारीक आला.

"काय, कोबीचं?" तो हसला. "छे हो. पण एक अट आहे. माझ्या खोलीत यायचं आणि ऐकायचं."

"मला नाही जमायचं."

"मी शेजारी बसेन. नको वाटलं की हात वर करायचा, आवाज लगेच बंद."

ती गेली. का गेली, देव जाणे! खुर्चीच्या भीतीने गेली असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते अर्धं खरंही होतं.

त्याची खोली म्हणजे भंगाराचं दुकान. जुने बूट, गंजक्या बिजागऱ्या, ओलं चामडं, वाळूची परात. त्याने रिकाम्या बोळाचं दृश्य लावलं मात्र... पलीकडून काहीतरी भिंतीला घासत येऊ लागलं. हळू. अगदी हळू. हात वर करायचा होता, तो तिने चुकून त्याच्या मनगटावर घट्ट आवळला.

त्याने आवाज बंद केला. मनगट सोडवून घेतलं नाही.

"हे बघा तुमचं भूत," म्हणत त्याने दुसऱ्या हाताने ओलं चामडं उचललं आणि टेबलावरून ओढलं. तोच आवाज! मग त्याने कोबी पिळला आणि कडाकड हाडं मोडली. ती आधी दचकली, मग खुदकन हसली.

"तुम्हाला नाही कशाची भीती वाटत?"

"वाटते की. तुमच्या शेऱ्यांची."

"एवढीच?"

"बाकीची... नंतर सांगेन," तो म्हणाला, आणि उगीचच चामडं घडी करत बसला.

मग रोजचंच झालं. दुपार कलली की वाघीण आवाजाच्या खोलीकडे वळायची. थोडं घाबरायची, थोडं हसायची. त्याच्या बोटांना चामड्याचा वास येई आणि तिला तो आवडू लागला होता, ही नवीनच भानगड. घरी आई म्हणायची, "अगं, एवढ्या जणांची लग्नं पडद्यावर लावलीस, स्वतःचं कधी मनावर घेणार?" ती विषय बदलायची. तो नाही म्हणाला तर? हसला तर? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही.

एक दिवस ती म्हणाली, "शेवटी सिनेमातली ती बाई मागे वळून बघते ना, तिथे मला आवाज नसतानाही पाहवत नाही. उलट आवाज असला की बरं वाटतं. काहीतरी धरायला मिळतं."

तो खुर्चीत ताठ झाला. "म्हणजे तिथला आवाज काढूनच टाकला तर? संगीत नाही, वारा नाही, काही नाही."

"वेड लागलंय का? मालकांच्या किल्ल्या विसरलात?"

मालकांना सिनेमा कंटाळवाणा वाटला की ते अंधारात किल्ल्यांचा जुडगा वाजवू लागत. किल्ल्या वाजल्या की सिनेमा डब्यात गेला, हे सगळा स्टुडिओ जाणत होता. संगीत चालू असलं तर निदान तो आवाज झाकला जाई. चिडीचूप थिएटरात जुडगा वाजला असता, तर सगळ्यांनी तो ऐकला असता.

"काढा," ती एकदम म्हणाली.

ट्रायलला मालक पुढे बसले, जावई त्यांच्या शेजारी. ती मागच्या रांगेत, आणि तिच्या बाजूला तो. बोळ आला, घासण्याचा आवाज आला. जावयाने पाय वर घेतले. मग ती बाई मागे वळू लागली आणि सगळे आवाज गळून पडले.

काहीच ऐकू येईना. तिला तिचाच श्वास मोठा वाटू लागला. मालकांचा हात खिशाकडे गेला... तिने डोळे गच्च मिटले. गेलं सगळं, इतक्या वर्षांची मेहनत गेली! अंधारात त्याचा हात तिच्या हातावर आला. तो बर्फासारखा गार होता. ती किल्ल्यांची वाट पाहत राहिली.

किल्ल्या वाजल्या नाहीत. पुढून मालकांचा घोगरा आवाज आला, "अरे बाप रे!"

दिवे लागले. मालक रुमालाने मान पुसत होते.

"तिथला आवाज काढायचं डोकं कुणाचं?"

"माझं," असं तो म्हणणार होता. तिला ते दिसलं. गुपित झाकलं गेलं असतं. पण ती उभी राहिली.

"माझं. भुताचे सिनेमे मी आवाज बंद करूनच पाहते. आजवरचे सगळे तसेच पाहिलेत."

"आणि पासही केलेत?"

"हो."

जावयाचे डोळे चमकले. मालकांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"खुर्ची राहू दे," शेवटी ते म्हणाले. "पण भुताचे सिनेमे आजपासून जावई बघतील. आवाजासकट!"

जावयाचा चेहरा पडला. आता गप्प बसावं की नाही? पण भीती एकदा तोंडातून निघाली की तिच्या मागे दुसरीही निघते.

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिने शेजारच्या साउंडवाल्याकडे हात केला. "आणि यांचे सिनेमेही त्यांच्याकडेच द्या. भुताचे, बिनभुताचे, सगळे."

"का? ह्याने काय केलं?"

"काही नाही केलं. घरच्या माणसाचं काम... आपण पास करू नये, एवढंच."

सगळ्या माना मागे वळल्या. साउंडवाला खुर्चीतून अर्धवट उठला.

"मॅडम," तो कसाबसा म्हणाला, "घरच्या माणसाला हे आधी सांगतात ना?"

"भीती वाटत होती."

"आणि आता?"

"आता जास्त वाटतेय. लवकर काहीतरी बोला हो!"

त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. जन्मभर आवाजांवर पोट भरलेल्या त्या माणसाला स्वतःचा आवाज सापडेना. शेवटी ओठ हलले, पण ऐकू कुणालाच आलं नाही.

"अरे, मोठ्याने बोल की!" मालक पुढून खेकसले.

"हो!" तो एवढ्याने ओरडला, की ती जागच्या जागी दचकली.