मालनआत्याच्या नावाचं गाऱ्हाणं

ऐका, भरदिवसा घडलेली गोष्ट आहे. कोजागिरीच्या आधीचा रविवार, परळच्या एका हॉलमध्ये कुळाचं वार्षिक संमेलन. नव्या कुलवृत्तांताचं प्रूफ दाराशीच टेबलावर ठेवलेलं. चुका असतील तर आजच सांगा, उद्या छपाईला जाणार. अंबिकाने चष्मा लावून वंशावळ पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालनआत्याचं नावच नव्हतं.

स्वतःची आई गेल्यावर दोन लहान भावांना या आत्याने वाढवलं. तीस वर्षं कापड मिलच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळत उभी राहिली, लग्न केलं नाही, आणि छातीत कापूस जाऊन खोकत खोकत मेली. धाकटा भाऊ म्हणजे अंबिकाचे वडील, थोरला जयवंतदादाचे. आणि कुलवृत्तांताचा संपादक कोण, तर हाच जयवंतदादा!

"दादा, आत्या कुठाय?"

"अगं, बिनलग्नाच्या मुली घेत नाही आपण. पुढे वंश नाही ना."

"तुझा बाप कोणाच्या पगारावर शिकला रे? लाज नाही वाटत?"

"तमाशा नको हां, अंबे. गाऱ्हाण्याची वेळ झाली."

नारळ हातात धरून तो माइकसमोर उभा राहिला. दरवर्षीसारखं एकेका पूर्वजाचं नाव घ्यायला लागला आणि प्रत्येक नावाला सगळा हॉल ओरडत होता, "व्हय म्हाराजा!"

मालनआत्याची पिढी आली. तिला गाळून जयवंतने आपल्या बापाचं नाव घेतलं.

कोणीच ओ दिली नाही.

म्हणजे तोंडं उघडली होती सगळ्यांची... आवाज फुटत नव्हता. अंबिकाच्या शेजारच्या खुर्चीतली रश्मी गळा धरून बसली. मिलच्या तेलाचा उग्र वास सुटला. वर पंखे फिरत होते आणि त्यांच्यातून पांढरं, बारीक काहीतरी सगळ्यांच्या डोक्यांवर उतरत होतं. जयवंतने पुन्हा बापाचं नाव घेतलं. पुन्हा शांतता.

अंबिका घाबरली, पण राग भीतीपेक्षा मोठा होता. ती ताडकन उठली. आवाज फक्त तिचाच फुटला. "आमची आत्या, मालन! वाइंडिंग खातं!"

मागच्या रिकाम्या रांगेतून कोणीतरी खोकलं. मग एक दमलेला बायकी आवाज... "व्हय म्हाराजा."

त्यासरशी सगळ्यांचे गळे मोकळे झाले. रश्मी तर हमसून रडायलाच लागली. अंबिकाने प्रूफ आणि पेन जयवंतपुढे आपटलं.

"लिही."

मेल्याने मान हलवली! 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

आठ दिवस झाले, तो हॉस्पिटलमध्ये आहे, छपाई अडलीय. अंबिका रोज प्रूफ आणि पेन घेऊन जाते, तो भिंतीकडे तोंड फिरवतो. काल डॉक्टर त्याच्या घशातून चिमट्याने पांढरा धागा ओढत होते. ओढतायत, ओढतायत, संपतच नव्हता.

"हे मिलमध्ये होते का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," अंबिका म्हणाली. "आत्याने याच्या बापालासुद्धा मिलची पायरी चढू दिली नाही."