सात निऑन

गिरधर वाण्याचं प्रेत त्याच्या शोभेच्या माशांच्या दुकानात काउंटरमागे काचांच्या ढिगात पालथं पडलं होतं. उजवं कानशील आत दबलं होतं. शेजारी टाकीत ठेवतात तसला ओंजळीएवढा काळा दगड होता. त्याला केस चिकटले होते.

धुळ्याची पाचवी गल्ली, मे १९९१, सकाळचे साडेसात. शटर अर्धं वर दिसलं म्हणून समोरच्या चहावाल्या कुंदाबाईने आत डोकावलं आणि गल्ली गोळा झाली.

फौजदार देवरे उकिडवे बसले. झटापटीत एक रॅक कोसळला होता. त्यावरच्या तीन टाक्यांचा चुरा झाला होता. फरशीवर रक्तमिश्रित पाणी सुकून गुलाबी झालं होतं.

"मासे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

हवालदाराने शाबूत टाक्यांकडे बोट दाखवलं.

"तीन टाक्या फुटल्या. फरशीवर एकही मेलेला मासा नाही."

काउंटरवरच्या बरणीत मात्र दोन फायटर मासे मेलेले तरंगत होते. एक निळा, एक तांबडा. दोघांचे पर चिंध्या झालेले, निळ्याचा एक डोळा नव्हता.

ठाण्यातल्या मोठ्या साहेबांना उत्तर आधीच मिळालं होतं. गॅरेजमधला मगन काल दुपारी भर गल्लीत ओरडला होता, "गिरधरशेठ, तुलेच टाकीमा बुडावसू." त्याच्या सदऱ्यावर रक्त सापडलं. आठ वाजल्यापासून त्याला ठाण्यात उलटा टांगला होता. तीन वाजता कोर्टात उभा करायचा होता. तोवर कबुली हवी होती.

देवरे ठाण्यात पोचले तेव्हा मगनचे तळपाय सुजून काळेनिळे झाले होते.

"भांडण कशावरून?"

"साहेब, माले दोन एंजल अन् सहा टायगर बार्ब एकच टाकीमा दिधात त्यानी. म्हणे, बठ्ठा मासा गोडीमा ऱ्हातस. आठ दिवसमा एंजलना पर कुरतडी खाई टाकात. पोर रडी रडी जेवनी नही."

"तू सगळे मासे एकत्र ठेवलेस कशाला?"

"माले काय समजस मासामधलं? तो दुकानदार, तो सांगी तसं."

"रक्त?"

"गॅरेजमा पान्याखाल हात चेंगरना, तेनंच रगत शे. मालकले विचारा."

देवरेंनी दोर सोडायला सांगितला. हवालदार म्हणाला, "मोठ्या साहेबांची परवानगी लागेल." दोर तसाच राहिला.

दुकानातला नोकर भटू दहाला मिळाला. काल संध्याकाळी सात वाजता तो बहिणीकडे गेला होता. त्याला टाक्यांपुढे उभं केलं.

"फुटलेल्या टाक्यांत काय होतं?"

"एकीत दोन एंजल, एकीत टायगर बार्ब, एकीत सात निऑन." तो टाक्या बघत फिरला आणि थबकला. "एंजल इथे गुरामींत आलेत, साहेब. बार्ब त्या दुसऱ्या बार्बांत. कोणी ठेवले?"

"बरोबर ठेवलेत?"

"मीसुद्धा असेच ठेवले असते. गुरामी गरीब मासा, एंजलला त्रास देत नाही. बार्ब आपल्या जातीत बरे."

"निऑन?"

"ते दिसत नाहीत. एवढुसे असतात, बोटाच्या पेराएवढे. एंजल गिळतो, बार्ब छळतो. त्यांना वेगळंच ठेवावं लागतं."

"ही खालची टाकी रिकामी का?"

"रिकामी नाही. त्या आडव्या मडक्यात शिंगाळा आहे. तापीतला. सोमवारी एका भोयाने आणला, मीच सोडला. दिवसा तो बाहेर येत नाही."

देवरेंनी बॅटरी मारली. मडक्यात लांब मिशांचा काळपट मासा निजला होता. त्याचं पोट टम्म फुगलं होतं.

बाहेर कुंदाबाईनेही सोमवारचा शिंगाळा पाहिल्याचं सांगितलं.

"बरणीतल्या फायटरांचं काय?" देवरेंनी विचारलं.

"लोकेस्ले मजा दखाडे ना गिरधरशेठ. दोन फायटर एक बरनीमा सोडे, अन् चहा मांगाडे मनाकडथीन. एक मरी जाये तवलोंग बठ्ठा हासेत."

"फायटर आणायचा कुठून?"

"देवपूरना झुलाल नाना. शाळामधला."

झुलाल नाना शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. गच्चीवर सिमेंटच्या हौदांत ते फायटर वाढवत. देवरे पोचले तेव्हा नानांच्या उजव्या तळहाताला पट्टी होती.

"हे काय, नाना?"

"हौद घासताना लागलं."

"दुकानात शेवटचं कधी गेलात?"

"पंधरा दिवस झाले. तब्येत नरम आहे."

"चला जरा. मासे कुठे कसे ठेवायचे, ते तुम्हीच सांगाल."

दुकानात मोठे साहेबही आले होते. नानांनी फरशीकडे पाहिलं नाही. ते टाक्यांवरून नजर फिरवत गेले. एंजलपाशी थांबले, बार्बांपाशी थांबले. मग खालच्या टाकीपुढे वाकले, चष्मा काचेला टेकवला.

"यातले निऑन कुठे गेले?"

देवरे त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"नाना," देवरे म्हणाले, "या टाकीत निऑन कधीच नव्हते. काल रात्री खुन्याने ते ठेवले, तेव्हाच काय ते."

नाना तसेच वाकलेले राहिले.

देवरे मोठ्या साहेबांकडे वळले. "माणूस मारून कोणी मासे वेचत बसत नाही, साहेब. ज्याला फरशीवरचा तडफडणारा मासा बघवत नाही, तोच वेचतो. आणि वेचलेले योग्य जागी लावले. मगनला ते कळतच नाही, त्याने आठ दिवस बार्ब आणि एंजल एकत्र ठेवले होते. उरले भटू आणि नाना. पण भटूनेच सोमवारी शिंगाळा सोडला होता. शिंगाळा लहान मासे गिळतो हे ठाऊक असून त्याने निऑन इथे टाकले नसते. मासे ओळखणारा, पण या आठवड्यात दुकानात न आलेला माणूस हवा होता. नानांचा पंधरा दिवसांचा हिशेब खरा आहे. फक्त कालची रात्र त्यात नाही. तळहातही काचांतून मासे वेचतानाच कापला."

"काय होतं आत?" नानांनी हळू विचारलं.

"शिंगाळा. मडक्यात."

नाना फरशीवर बसले. "मला टाकी रिकामी वाटली."

"गिरधरला का मारलंत?"

"एकेक फायटर वेगळा ठेवीन, अशी शपथ घेऊन न्यायचा. लोक सांगत होते, मला पटत नव्हतं. काल गेलो, तर निळ्याचा डोळा निघाला होता आणि हा हसत होता. म्हणाला, नाना, बसा, अजून तांबडा जिवंत आहे." ते थांबले. "दगड हातात कधी आला, कळलं नाही. दुसऱ्यांदा मारला, ते कळलं."

"मगनला टांगलंय, माहीत होतं?"

"सकाळी ऐकलं. संध्याकाळी येणार होतो. गच्चीवरचे मासे कोणाला द्यावेत, तेवढं ठरत नव्हतं."

मोठे साहेब फोनकडे गेले.

मगनला अडीच वाजता सोडलं. त्याला उभं राहता येईना, म्हणून दोन शिपायांनी उचलून रिक्षात ठेवलं. केस डायरीत त्याबद्दल एक ओळ नाही.